तंबूभोवतीचा जागल्या

स्वालबार्ड हा नॉर्वेचा बेटसमूह उत्तर ध्रुवापासून सुमारे तेराशे किलोमीटरवर आहे. ५ ऑगस्ट २०११ रोजी तिथल्या फॉन पोस्ट हिमनदीजवळ ब्रिटनमधून आलेल्या मुलांचा एक गट तंबू ठोकून मुक्कामाला होता. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळतच नाही, त्यामुळे ‘रात्र’ म्हणायची ती घड्याळापुरती. तंबूंभोवती एक तार ताणलेली होती. ध्रुवीय अस्वल आले तर तार ओढली जाईल, काडतुसाचा बार उडेल आणि सगळे जागे होतील, अशी ती योजना. सकाळी साडेसातच्या सुमारास अस्वल आले. बार मात्र उडालाच नाही. सतरा वर्षांचा एक मुलगा जागीच गेला, चौघे जखमी झाले. गटप्रमुखाने बंदूक उचलली, पण तीही पहिल्या काही प्रयत्नांत चालली नाही. अखेर गोळी सुटली आणि अस्वल मेले.

पुढे झालेल्या चौकशीत अनेक गोष्टी बाहेर आल्या. इशारा देणाऱ्या यंत्रणेचे काही भाग कमी होते आणि त्यांची उणीव कागद अडकवायच्या क्लिपांनी भागवली होती. रात्री कोणी पहाऱ्यावर नव्हते. जागे राहण्याचे काम तारेवर सोपवून माणसे झोपली होती.

उघड्यावर मुक्काम करणाऱ्यांसाठी आज बाजारात अशी कितीतरी उपकरणे मिळतात. साध्या तारेपासून उष्णता ओळखणाऱ्या संवेदकांपर्यंत आणि थेट रडारपर्यंत त्यांची मजल गेली आहे. पिशवीत मावणारी, चार खुंट्या ठोकून दहा मिनिटांत उभी राहणारी ही यंत्रे खरोखर उपयोगाची आहेत. पण ती नेमके काय करतात, कुठे फसतात आणि त्यांच्या आवाजाने जागे होणाऱ्या माणसाच्या मेंदूत त्या क्षणी काय चालते, हे समजून घेतले नाही तर त्यांच्यावरचा भरवसाच जिवावर बेतू शकतो.

तार, खटका आणि बार

सर्वांत जुना आणि आजही सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार म्हणजे ट्रिपवायर. तंबूंच्या चारी बाजूंनी खुंट्या रोवून त्यांवर बारीक तार किंवा दोरी ताणतात. तारेचे टोक एका पिनेला बांधलेले असते. तार ओढली गेली की पिन निघते, स्प्रिंगवर ताणून धरलेला खटका सुटतो आणि छर्रे नसलेल्या काडतुसावर आपटतो. मोठा बार होतो, काही प्रकारांत प्रकाशही फेकला जातो. या बाराची कामे दोन. आतल्या माणसांना जागे करणे आणि बाहेरच्या जनावराला दचकवणे. पुष्कळदा अस्वल दचकून मागे फिरते. प्रत्येक वेळी फिरेलच, असे मात्र नाही.

या यंत्रणेला बॅटरी लागत नाही, सॉफ्टवेअर लागत नाही, म्हणून ती विश्वासाची वाटते. तिच्या अडचणी निराळ्या आहेत. खडकाळ किंवा गोठलेल्या जमिनीत खुंटी पक्की बसत नाही. तार सैल पडली तर अस्वलाचा पाय लागूनही पिन निघत नाही. ती फार ताणली तर वाऱ्याच्या झोतानेही बार उडतो. फार उंच बांधली तर खालून वाट मिळते, फार खाली बांधली तर ती ओलांडता येते. बर्फ साचला की कालची योग्य उंची आज चुकीची ठरते. म्हणून ही तार रोज संध्याकाळी फिरून तपासावी लागते आणि प्रत्येक खटका खरोखर सुटतो का, ते पाहावे लागते. एखादा भाग नसेल तर जुगाड करून चालत नाही, कारण जुगाड टिकले की नाही हे कळायची वेळ एकदाच येते.

उष्णता ओळखणारा डोळा

दुसरा प्रकार घराच्या जिन्यातल्या आपोआप लागणाऱ्या दिव्यासारखा आहे. प्रत्येक उबदार शरीरातून अवरक्त किरण बाहेर पडत असतात. संवेदकासमोरून असे शरीर हलले की त्याच्यावर पडणाऱ्या किरणांत बदल होतो आणि घंटा वाजते. यात तार नाही, बार नाही. चार कोपऱ्यांवर चार डब्या ठेवल्या की काम झाले.

गोम अशी की हा संवेदक थेट उष्णता मोजत नाही, तर पार्श्वभूमी आणि शरीर यांच्या तापमानातला फरक टिपतो. फरकच नसेल तर त्याला काही दिसत नाही. ध्रुवीय अस्वलाचे दाट केस आणि त्याखालचा चरबीचा थर शरीराची ऊब इतकी आत कोंडून ठेवतात की केसांचा बाहेरचा पृष्ठभाग भोवतालच्या हवेइतकाच गार राहतो. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात या अस्वलाचा चेहरा आणि श्वास ठळक दिसतो, बाकीचे धूड पार्श्वभूमीत विरघळून जाते. ज्या जनावरासाठी पहारा बसवायचा, तेच जनावर या पहारेकऱ्याला नीट दिसत नाही.

उलट टोकाच्या हवामानातही हीच अडचण येते. कडक उन्हाळ्यात तापलेले खडक रात्री उशिरापर्यंत उष्ण राहतात. शरीराचा पृष्ठभाग आणि खडक यांच्या तापमानातला फरक कमी झाला की संवेदकाचा पल्ला घटतो. ऊन पडलेली, वाऱ्याने हलणारी फांदी मात्र त्याला फसवू शकते. थंडीत आणखी एक अडचण असते. बॅटरीतल्या रासायनिक क्रिया मंदावतात आणि दुकानात भरलेली दिसणारी बॅटरी उणे वीस अंशांत लवकर मान टाकते.

दोन खांबांमध्ये अदृश्य किरण सोडून तो तुटला की वाजणारी यंत्रेही आहेत. त्यांना दाट धुके आणि जोराची हिमवृष्टी चकवते. कॅनडात हडसन उपसागराच्या काठी चर्चिल नावाचे गाव आहे. तिथे दर शरद ऋतूत समुद्र गोठण्याची वाट पाहत अस्वले गोळा होतात. त्या गावात रडारचा प्रयोग झाला आहे. रडारला अंधार किंवा धुके आड येत नाही. पडद्यावर हललेला ठिपका अस्वलाचा, माणसाचा की गाडीचा, हे संगणकाला शिकवण्याचा प्रयत्न तिथे झाला. वस्तीसाठी हा मार्ग आशादायक आहे, पण पाठीवरच्या पिशवीत तो अजून सहज मावत नाही.

किती सेकंद मिळतात?

कोणतेही इशारायंत्र संकट अडवत नाही, फक्त वेळ मिळवून देते. हा वेळ किती, याचा साधा हिशेब करता येतो. समजा, तार तंबूपासून दहा मीटरवर आहे. रमतगमत येणारे अस्वल सेकंदाला दीड मीटर चालते, म्हणजे बार उडाल्यापासून तंबूपर्यंत यायला त्याला सहा-सात सेकंद लागतील. तेच अस्वल धावत सुटले तर ताशी चाळीस किलोमीटरचा वेग गाठू शकते, म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. त्या वेळी हाती एक सेकंदही उरत नाही.

मग तार लांब का बांधू नये? दहा मीटर त्रिज्येच्या वर्तुळाला सुमारे ६३ मीटर तार लागते, तीस मीटरच्या वर्तुळाला जवळजवळ १९०. तार जितकी लांब तितक्या खुंट्या जास्त, तितकी सैल पडण्याची ठिकाणे जास्त आणि तितकेच कोल्हे-रेनडिअर अडकण्याचे प्रसंगही जास्त. म्हणून अंतर नेहमीच तडजोडीचे राहते आणि हाती येणारा वेळ सेकंदांतच मोजावा लागतो.

झोपलेला मेंदू

त्या सेकंदांत झोपलेल्या माणसाला काय काय करायचे असते? आवाज ऐकायचा, तो कशाचा हे ओळखायचे, झोपेच्या पिशवीची चेन उघडायची, इशारा-पिस्तूल किंवा बंदूक हाती घ्यायची, दिशा ठरवायची आणि सोबत्यांना धक्का न लागू देता कृती करायची. यातली प्रत्येक पायरी मेंदूवर अवलंबून आहे.

रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात गाढ झोपेचा वाटा सर्वांत मोठा असतो. या झोपेत मेंदूतल्या लहरी मंद आणि मोठ्या होतात आणि जाग येण्यासाठी लागणारा आवाजही मोठा लागतो. मुलांची आणि किशोरवयीनांची झोप याहून गाढ असते. घरातल्या धुराच्या इशारायंत्रांवर झालेल्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. कर्कश, उंच पट्टीच्या ‘पीं पीं’ आवाजाने बरीच मुले उठतच नाहीत. त्याऐवजी ५२० हर्ट्झच्या आसपासचा, खालच्या पट्टीचा भरीव आवाज मुलांना, ऐकू कमी येणाऱ्यांना आणि मद्य घेतलेल्यांना अधिक खात्रीने जागे करतो. वय वाढते तसे उंच पट्टीचे आवाजच आधी ऐकू येईनासे होतात. तंबूभोवती ठेवायच्या छोट्या उपकरणांत मात्र लहान भोंगा बसवणे सोपे असते आणि लहान भोंग्याचा आवाज बहुधा उंच पट्टीचाच असतो. डब्यावर लिहिलेला डेसिबलचा आकडा मोठा असला, तरी कानटोपी आणि झोपेच्या पिशवीच्या आत तो किती पोहोचतो, हा वेगळा प्रश्न आहे. मुक्कामात थकव्याची गाढ झोप आणि शेकोटीभोवती घेतलेले दोन घोट, या दोन्ही गोष्टी जाग येणे अवघड करतात.

जाग आली म्हणजे माणूस लगेच शुद्धीवर आला, असेही नाही. डोळे उघडल्यानंतर काही काळ मेंदू अर्धवट झोपेतच राहतो. याला झोपेचे जडत्व म्हणतात. निर्णय घेणे, योजना करणे ही कामे ज्या भागावर अवलंबून असतात, तो मेंदूचा पुढचा भाग इतर भागांपेक्षा सावकाश जागा होतो. हा अंमल साधारणपणे पंधरा मिनिटे ते अर्धा तास टिकतो, झोप अपुरी झाली असेल तर त्याहून जास्त. या अवस्थेत माणूस हात-पाय हलवू शकतो, बोलूही शकतो, पण चुका करतो. ज्याला दिवसा डोळे मिटून बंदूक भरता येते, त्याचेही हात अशा वेळी चुकू शकतात. म्हणून अनुभवी पथके मुक्कामाच्या पहिल्या संध्याकाळीच सराव करतात. कोण कुठे झोपणार, पिस्तूल कुठे असणार, कोणी ओरडायचे आणि कोणी गप्प राहायचे, हे आधी ठरते. घोटून घेतलेल्या हालचाली जडत्वातही बऱ्यापैकी जमतात, नव्याने विचार करून करायच्या गोष्टी जमत नाहीत.

निसर्गाने माणसाला थोडा पहारा अंगभूतही दिला आहे. नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हा अनुभव सर्वांचा आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की अशा पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा उथळ झोपतो आणि अनोळखी आवाजाला जास्त चटकन प्रतिसाद देतो. जागा सवयीची झाली की हा फरक नाहीसा होतो. मुक्कामाच्या चौथ्या-पाचव्या रात्री झोप छान लागू लागते, तेव्हा हा पहारेकरीही झोपी गेलेला असतो.

लांडगा आला रे आला

इशारायंत्राचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे खोटा इशारा. दहा रात्रींच्या मुक्कामात दर रात्री दोनदा कोल्ह्यामुळे, वाऱ्यामुळे किंवा लघवीला उठलेल्या सोबत्यामुळे घंटा वाजली आणि एकदाच खरे अस्वल आले, असे समजा. एकवीस इशाऱ्यांपैकी वीस खोटे. पहिल्या दोन रात्री सगळे धडपडून उठतील. चौथ्या रात्री कोणीतरी कूस बदलून म्हणेल, ‘कोल्हा असेल.’ सहाव्या रात्री वैतागून यंत्राची संवेदनशीलता कमी केली जाईल किंवा ते बंदच होईल. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतल्या गावकऱ्यांना आपण दोष देत नाही, कारण त्यांच्या जागी आपणही तेच केले असते. रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागात दिवसभर वाजणाऱ्या यंत्रांकडे कर्मचाऱ्यांचे नकळत दुर्लक्ष होऊ लागते, तोही याच प्रकारचा थकवा.

संवेदनशीलता वाढवली तर खोटे इशारे वाढतात, कमी केली तर खरे निसटतात. यातून यंत्राला पूर्ण सुटका नाही. सुटका आहे ती माणसाच्या शिस्तीत. प्रत्येक इशारा खरा मानून एकाने उठायचे, बाहेर पाहायचे आणि मगच बाकीच्यांनी झोपायचे.

सवय जनावरांनाही होते. बार झाला, पण पुढे काहीच घडले नाही आणि वर खायलाही मिळाले, तर पुढच्या वेळी अस्वल बाराला भीत नाही. म्हणून खाण्याचा वास दूर ठेवणे हे इशारायंत्राच्याही आधीचे काम आहे.

काही ठिकाणी तारेऐवजी सौर ऊर्जेवर किंवा बॅटरीवर चालणारे विजेचे हलके कुंपण वापरतात. त्यात सेकंदाला साधारण एकदा, अगदी क्षणभराचा झटका सोडला जातो. त्याने दुखते, जीव जात नाही. अलास्कातल्या तपकिरी आणि काळ्या अस्वलांना ते चांगले रोखते. कोरड्या बर्फावर मात्र विजेचे वर्तुळ पुरे व्हायला जमीन हवी तशी साथ देत नाही, कारण कोरडा बर्फ विजेचा मंद वाहक आहे. आणि घरगुती वीजजोडणीतून थेट तारेत सोडलेला प्रवाह म्हणजे कुंपण नव्हे, तो मृत्यूचा सापळा होय.

भारतीयांचाही मुक्काम तिथेच

स्वालबार्डमधल्या नी-ऑलेसुंड या वसाहतीत भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र १ जुलै २००८ पासून आहे. ते चालवणारी राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था गोव्यात वास्को द गामा येथे आहे. डिसेंबर २०२३ पासून भारतीय संशोधक तिथे हिवाळ्यातही, म्हणजे चोवीस तासांच्या अंधारातही, राहू लागले आहेत. हवेतले सूक्ष्म कण किंवा हिमनदीची जाडी मोजायला गेलेल्या संशोधकालाही तिथे अस्वलांचे भान ठेवावेच लागते. वस्तीबाहेर पाऊल टाकायचे तर अस्वलाला पिटाळण्याचे साधन सोबत हवे आणि ते वापरायला शिकलेले माणूस हवे. या वसाहतीत दारांना कुलूप लावत नाहीत. अस्वल दिसले तर जवळच्या कोणत्याही दारातून आत शिरता यावे, हा त्यामागचा हेतू. किती साधा उपाय, पण तो कधी बिघडत नाही.

तंबूच्या मुक्कामासाठी तिथले प्रशासन जे सांगते, त्यात यंत्राचा क्रमांक पहिला नाही. अस्वलांच्या येण्याजाण्याच्या वाटा, विशेषतः समुद्राचा काठ, टाळावा. चहूकडचे नीट दिसेल अशी जागा निवडावी. तंबू वर्तुळात न लावता एका ओळीत लावावेत, म्हणजे आत आलेले अस्वल कोंडल्यासारखे होऊन बिथरणार नाही. अन्न तंबूत न ठेवता थोडे दूर, पण तंबूच्या दारातून दिसेल असे ठेवावे. मग भोवती तार ताणावी. आणि शक्यतो माणसाचा पहारा ठेवावा किंवा शिकवलेला कुत्रा बाहेर बांधावा. कुत्र्याला कोणी दिसण्याआधीच वास येतो आणि बॅटरीशिवाय तो रात्रभर चालतो.

पहारा म्हटले की सगळ्यांना जीवावर येते. पण बारा जणांचा गट आणि आठ तासांची झोप असा हिशेब केला, तर एकेकाच्या वाट्याला चाळीस मिनिटे येतात. जागा असलेला माणूस अस्वलाला शेकडो मीटरवर पाहू शकतो. तेव्हा हाताशी सेकंद नसतात, मिनिटे असतात. बाकीच्यांना सावकाश उठवता येते, झोपेचे जडत्व ओसरू देता येते, एकत्र उभे राहून आवाज करता येतो. आणि बहुतेक वेळा गोळी न झाडताच अस्वल निघून जाते. ध्रुवीय अस्वल १९७३ पासून तिथे संरक्षित आहे. इशारा वेळेवर मिळाला तर माणूस वाचतो आणि अस्वलही.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे नवे नाही. रानडुकरांपासून पीक राखायला तो शेतात माळा बांधून जागलीला जातो. बांधावर तारेला रिकामे डबे टांगतो, पण म्हणून घरी जाऊन झोपत नाही. जुन्या गावगाड्यात रात्रीच्या राखणीसाठी ‘जागल्या’ असे. नावातच त्याचे काम होते. तंबूभोवतीची तार, डबी किंवा रडार ही या जागल्याच्या हातातली काठी आहे. काठी विकत घ्यावी, ती मजबूत आहे ना हे रोज पाहावे. जागायचे मात्र कोणीतरी माणसानेच.